आल्तेआच्या जुन्या गावातलं घर: आधी पायऱ्या मोजा

पुण्याहून आलेला प्रश्न असा आहे. घरची सात माणसं: नवरा-बायको, भाऊ-वहिनी, ६ आणि ११ वर्षांची दोन मुलं आणि ७४ वर्षांची आई, जिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. ऑक्टोबरअखेर आठ रात्रींसाठी स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, आल्तेआच्या जुन्या गावात, एक पांढरं तीन मजली घर भाड्याने घ्यायचं मनात आहे. जाहिरात म्हणते: चर्चपासून दोन मिनिटं, समुद्र दिसणारी गच्ची, पार्किंग जवळच, आठ जणांची सोय. घर घ्यावं का? आईला जमेल का? स्वयंपाक करता येईल का? आणि पैसे कसे भरावेत?

मी आलिकांते प्रांताच्या या किनाऱ्यावर चौदा वर्षं भाड्याची घरं सांभाळते. मालक लंडनला नाहीतर माद्रिदला, किल्ली माझ्याकडे. पाहुणे आले की दार उघडून देणं, गेले की चादरी धुवायला टाकणं, आणि मधल्या दिवसांत रात्री साडेआठला फोन आला की लाईट का गेली ते सांगणं. त्यामुळे हे उत्तर किल्लीवाल्या बाईच्या नजरेतून आहे. ट्रॅव्हल एजंट वेगळं सांगेल.

गाव उत्तम निवडलंत, दिवसही चांगले आहेत. पण तुमच्या आईंसाठी हे घर बहुधा नाही. 'बहुधा' म्हणते, कारण जाहिरातीत जे लिहिलेलं नाही ते कळायला हवं: गाडी उभी करायच्या जागेपासून दारापर्यंत किती पायऱ्या, आणि दारापासून आईंच्या पलंगापर्यंत किती. बाकी सगळं नंतर.

आल्तेआचं जुनं गाव म्हणजे टेकडीवर बसलेलं गावठाण. खाली समुद्र आणि रेल्वेचं छोटं स्टेशन, वर निळ्या-पांढऱ्या कौलांचे घुमट असलेलं चर्च, आणि मधल्या उतारावर पांढऱ्या घरांचे बोळ. बोळ गोट्यांच्या फरसबंदीचे, आणि जिथे चढ जास्त तिथे बोळाच्याच पायऱ्या झालेल्या. 'चर्चपासून दोन मिनिटं' याचा अर्थ ते घर टेकडीच्या माथ्याजवळ आहे. बाकी कुठूनही आलात तरी चढूनच यायचं. 'पार्किंग जवळच' हे नकाशावरच्या सरळ रेषेत खरं असतं. वरच्या बोळांत गाडी जात नाही, ती खाली ठेवायची आणि सामान हातात घ्यायचं.

मागे नागपूरचं एक कुटुंब आलं होतं. सहा माणसं, सहा मोठ्या चाकांच्या बॅगा, दुपारचे चार. पहिल्या पन्नास पावलांत एका बॅगेचं चाक गोट्यांत अडकून निखळलं. शेवटी दोन तरुण मुलांनी चार खेपा केल्या, आणि आजोबा मधल्या एका दाराच्या उंबऱ्यावर बसून राहिले. त्या घरातल्या म्हातारीने त्यांना खुर्ची आणि पाणी दिलं, भाषा एकमेकांची कळत नव्हती तरी दोघं अर्धा तास बोलत होते. आजोबांना ती सहलीतली सगळ्यात छान दुपार वाटली, सुनेला मात्र नाही. तर बॅगा लहान आणा, माणशी एक, पाठीवर घेता येईल अशी असली तर उत्तमच.

आता घराकडे. या प्रकाराला इथे 'कासा दे पुएब्लो' म्हणतात, गावातलं घर. दर्शनी बाजू चार-पाच मीटर, दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या, घर आत-आत लांब गेलेलं. आपल्या वाड्याला चौक असतो आणि घर आडवं पसरतं. इथे पसरायला जागाच नव्हती, म्हणून घर उभं वाढलं. तळमजल्यावर बैठक आणि स्वयंपाकघर, पहिल्यावर दोन खोल्या, दुसऱ्यावर एक, आणि वर गच्ची. या सगळ्यांना बांधणारा एकच जिना. घर म्हणजे खरं तर तो जिनाच, खोल्या त्याला लटकलेल्या.

हे जिने आजच्या मापाचे नसतात. नवीन इमारतीत पायरी साधारण सतरा-अठरा सेंटिमीटर उंच असते, जुन्या घरात मी वीस-बावीसच्या मोजल्या आहेत. पाऊल ठेवायची जागा कमी, वळणावर पायऱ्या पाचरीच्या आकाराच्या, आतल्या बाजूला टाच टेकायलाही जागा नाही. वर गुळगुळीत लादी, कडेला लाकडी पट्टी, आणि ती पट्टी पन्नास वर्षांच्या पावलांनी घासून गोल झालेली. कठडा बऱ्याचदा एकाच बाजूला असतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, हे तुम्हाला माहीत असेलच. उतरताना कठडा ज्या बाजूला येतो ती आईंच्या चांगल्या पायाची की दुसऱ्या, एवढ्या बारकाईने विचारावं लागतं.

दुसरा मुद्दा बाथरूमचा. तीन मजली घरात दोन बाथरूम असल्या तर त्या कुठल्या मजल्यांवर आहेत हे जाहिरात क्वचितच सांगते. तळमजल्यावर नुसता कमोड-बेसिन आणि आंघोळीची जागा वर, असंही असतं. 'आठ जणांची सोय' यातले दोन जण बैठकीतल्या सोफाबेडवर मोजलेले असतात. मग कोणीतरी म्हणतं, आई खाली सोफ्यावर झोपतील. तो सोफा जमिनीपासून चाळीस सेंटिमीटरवर, मधे लोखंडी दांडी. ते करू नका.

माझं मत विचाराल तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे आल्तेआच, पण खाली, समुद्राच्या रस्त्यावर लिफ्ट असलेला फ्लॅट. संध्याकाळी बाकीच्यांनी वर जायचं, आईंनी एखाद दिवस सावकाश, बसत-बसत जायचं आणि चर्चच्या चौकात कॉफी घ्यायची. दुसरा रस्ता म्हणजे गाव बदलायचं. याच किनाऱ्यावर देनिया आहे. तिथे बंदराजवळ 'बाइश ला मार' नावाची जुनी कोळ्यांची वस्ती आहे, ती सपाट आहे. घरं तशीच अरुंद, रंगीत, पण दारापर्यंत चढ नाही. आल्तेआवरून जाणाऱ्या ९ नंबरच्या लोकल गाडीचं देनिया हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे आल्तेआ एका दिवसात बघून येता येतं. पेनिस्कोलाचे फोटो पाहून कोणी सुचवेल, तिथला किल्लाच खडकावर आहे, पुन्हा चढच. विलाहोयोसाची रंगीत घरं पुळणीला लागून आहेत, तिथे दारापर्यंत सोपं, पण आतला जिना आल्तेआइतकाच अवघड.

तरीही हेच घर घ्यायचं ठरलं, म्हणजे आई म्हणाल्या की मी चढते, तर पुढचं वाचा. आया असं म्हणतात, मला माहीत आहे.

स्वयंपाकघराबद्दल विचारलंत. काचेची सपाट शेगडी असेल, पण ती दोन प्रकारची असते आणि फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. एक 'वित्रोसेरामिका', आतली तार लाल तापते, कुठलंही सपाट बुडाचं भांडं चालतं. दुसरी इंडक्शन, तिच्यावर लोहचुंबक चिकटेल अशाच बुडाचं भांडं लागतं. पुण्याहून आणलेला अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर ठेवलात तर शेगडी नुसती टिकटिक करून बंद पडेल. गोल बुडाची कढई दोन्हीवर निरुपयोगी. म्हणून आणायचाच असला तर इंडक्शनच्या बुडाचा तीन लिटरचा स्टीलचा कुकर आणा, तो दोन्हीकडे चालतो. मिक्सर आणू नका. व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, पण आपली तीन जाड पिनांची प्लग इथल्या गोल खाचेत बसत नाही, अडॅप्टर लागतो, आणि दुसरं म्हणजे ते ओझं पायऱ्यांवरून कोण नेणार?

फोडणी. हिंग-मोहरीचा वास इथे कोणाला वर्ज्य नाही, शेजारी उलट विचारतात काय शिजतंय. अडचण जिन्याची आहे. तळमजल्यावर स्वयंपाकघर आणि वर गच्चीपर्यंत मोकळा जिना, म्हणजे तयार धुराडंच. वरचं गच्चीचं दार उघडं असलं की खालचा धूर ओढला जाऊन तिन्ही मजले फिरून बाहेर पडतो, आणि मिरचीची फोडणी घातली की दुसऱ्या मजल्यावर झोपलेलं पोर खोकत उठतं. शेगडीवरचा पंखा बऱ्याच घरांत हवा बाहेर टाकत नाही, जाळीतून गाळून तीच हवा परत खोलीत सोडतो. फोडणीच्या वेळी गच्चीचं आणि खोल्यांचं दार लावा, स्वयंपाकघराची खिडकी उघडा.

विजेचं जरा नीट समजून घ्या, कारण मला येणाऱ्या दहा फोनांपैकी सहा याचेच. स्पेनमध्ये घरमालक वीज कंपनीकडून ठरावीक क्षमता विकत घेतो: ३.४५, ४.६ किंवा ५.७५ किलोवॅट. त्याच्या वर गेलात की मीटर स्वतःच लाईन तोडतो. क्षमता जितकी जास्त तितका महिन्याचा स्थिर आकार जास्त, म्हणून वर्षातले निम्मे महिने बंद असणाऱ्या घरांचे मालक कमीवर भागवतात. आता हिशेब करा. शेगडीची एक मोठी चकती दोन किलोवॅट, पाणी उकळायची किटली दोन, गीझर दीड, वर कोणीतरी केस वाळवतंय. संध्याकाळी साडेआठला सगळं एकदम, आणि अंधार.

मागच्या नोव्हेंबरात असाच एक फोन आला, ठाण्याच्या काकू होत्या. घाबरलेल्या, कारण घरात मेणबत्ती नव्हती आणि मुलं दुसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं, आधी शेगडी आणि किटली बंद करा. मग दाराजवळच्या पांढऱ्या डब्यातला सगळ्यात मोठा खटका खाली करा, दहा आकडे मोजा, वर करा. त्यांनी मोठ्याने मराठीत दहा मोजले. नऊला दिवे लागल्यासारखं वाटलं म्हणाल्या, पण लागले दहानंतरच. त्या खटक्याची जागा पहिल्या दिवशी बघून ठेवा, रात्री शोधू नका.

गरम पाणी दोनपैकी एका तऱ्हेचं. विजेचा गीझर, 'तेर्मो', असेल तर तो किती लिटरचा ते विचारा. ऐंशी लिटरचा असला तर ओळीने तीन-चार आंघोळी, मग तास-दीड तास वाट. सात जणांनी सकाळीच आटपायचं म्हटलं तर जमणार नाही, अर्ध्यांनी रात्री करा. दुसरी तऱ्हा म्हणजे गॅसची, नारिंगी सिलिंडरवर चालणारी. सिलिंडर साडेबारा किलोचा, आणि तो बरोब्बर अंगाला साबण लावल्यावर संपतो. भरलेला दुसरा सिलिंडर घरात आहे का, एवढं विचारून ठेवा.

आणि आता जे कुठलीच जाहिरात सांगत नाही ते. इथल्या बाथरूमच्या जमिनीला मोरीसारखं पाणी जायला भोक नसतं. पाणी फक्त टबात किंवा शॉवरच्या तबकात. बादली-तांब्या नसतो. आपली माणसं दुकानातून बादली आणतात, बाहेर जमिनीवर पाय धुतात, आणि ते पाणी लादीच्या सांध्यांतून खालच्या खोलीच्या लाकडी तुळयांवर उतरतं. एका घरात मी छताला पिवळा डाग पाहिला, खालच्या पलंगाच्या बरोबर वर, सोलापूरच्या नकाशासारखा. अनामत रकमेतून रंगकाम कापलं गेलं, आणि पाहुण्यांना शेवटपर्यंत पटलं नाही की पाणी सांडणं हा गुन्हा कसा. बादली आणाच, पण ती टबाच्या आत ठेवा. आईंना टबाची कड ओलांडणं जमणार नाही, म्हणून सपाट शॉवर आहे का हेही विचारा. हा प्रश्न पायऱ्यांइतकाच महत्त्वाचा.

हवामान. ऑक्टोबरअखेर दिवस छान, समुद्रही पोहण्याजोगा कोमट, मात्र आल्तेआचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. मुलांना रबरी चपला लागतील. पण याच महिन्यांत या किनाऱ्यावर अचानक प्रचंड पाऊस कोसळतो. २९ ऑक्टोबर २०२४ ला वालेन्सियाच्या बाजूला आलेल्या पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली. आल्तेआचं जुनं गाव टेकडीवर असल्यामुळे पुराचं भय नाही, पण फोनवर सरकारी इशारा वाजला तर गाडी काढू नका, ओढ्याकाठचे रस्ते टाळा. आणि ओल्या गोट्यांवरून आईंना अजिबात नेऊ नका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर सहाच्या सुमारास अंधार पडतो. रात्री घर गार वाटेल, कारण भिंती जाड आणि जमीन लादीची. हीटर आहे का ते विचारा, आणि लावताना वर सांगितलेला विजेचा हिशेब आठवा.

आवाजाचं म्हणाल तर चर्चची घंटा आहे. आल्तेआचा मोठा उत्सव, मुसलमान आणि ख्रिश्चन सैन्यांची सोंगं घेतलेल्या मिरवणुका, बंदुकीची दारू आणि बँडबाजा, सप्टेंबरअखेर होऊन गेलेला असेल. तुम्ही सुटलात किंवा हुकलात, जशी आवड. आवाज तुमच्याकडून होऊ नये हे मात्र मनावर घ्या. बोळ इतका अरुंद की गच्चीवरच्या गप्पा समोरच्याच्या पलंगावर ऐकू जातात. २०२४ पासून स्पेनमध्ये पर्यटकांच्या भाड्याच्या घरांविरुद्ध मोर्चे निघताहेत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही: मी किल्ल्या सांभाळते त्या बोळात बारा दारं आहेत, हिवाळ्यात दिवा लागतो चार घरांत. माझं पोट त्याच्यावर चालतं, म्हणून जास्त बोलत नाही. पण भेटेल त्याला 'बोन दिया' म्हणा. हा स्पॅनिशपेक्षा इथल्या वालेन्सियन भाषेतला नमस्कार आहे, आणि म्हाताऱ्यांचा चेहरा लगेच बदलतो.

पैसे आणि कागद. वालेन्सिया प्रदेशात, म्हणजे आलिकांते प्रांत ज्यात येतो त्या प्रदेशात, पर्यटकांना घर भाड्याने द्यायला सरकारी नोंदणी क्रमांक लागतो. आलिकांते प्रांतात तो 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होतो आणि शेवटी 'ए' असतो. जाहिरातीत तो नसेल तर तिथेच थांबा. १ जुलै २०२५ पासून इंटरनेटवरच्या जाहिरातींसाठी देशपातळीवरचा आणखी एक क्रमांकही लागू झाला. पर्यटकांचं घर एकाच पाहुण्याला सलग दहा दिवसांपर्यंतच देता येतं, तुमच्या आठ रात्री त्यात बसतात. मुक्काम वाढवायचा विचार असेल तर आधीच बोला. पर्यटक कर या प्रदेशात नाही. कायदा झाला होता, पण वसुली सुरू व्हायच्या आधीच रद्द झाला. कोणी रोखीत 'टुरिस्ट टॅक्स' मागितला तर देऊ नका.

ज्या संकेतस्थळावर घर दिसलं तिथूनच पैसे भरा. 'थेट बँकेत पाठवा, पंधरा टक्के कमी करतो' असा मेसेज आला की समजा, एकतर घर नाही किंवा ते त्या माणसाचं नाही. सुंदर गच्चीचा एकच फोटो तीन वेगवेगळ्या घरांच्या जाहिरातीत मी स्वतः पाहिला आहे. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा लागतो, त्यावर सातही जणांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच हवीत. बुकिंगच्या कागदावर बहुतेक वेळा एकाचंच नाव येतं, म्हणून मालकाकडून नावं, तारखा, पूर्ण पत्ता आणि नोंदणी क्रमांक असलेलं एक पत्र मागून घ्या. व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग करा, थोडं महाग पडलं तरी.

आल्यावर किल्ली देताना मी पासपोर्ट, घरचा पत्ता, फोन, ईमेल आणि पैसे कसे भरले हे विचारीन, मुलं कोणाची कोण हेही. लोक बिचकतात. पण डिसेंबर २०२४ पासून ही माहिती गृहखात्याकडे भरणं आम्हाला सक्तीचं आहे, प्रत्येक पाहुण्याची. चौदा वर्षांवरच्या सगळ्यांची सही लागते. पासपोर्टचा फोटो व्हॉट्सअॅपवर कुठल्याही नंबराला पाठवू नका, माहिती भरायची लिंक असते किंवा समोर दाखवा.

येण्याचं सोपं आहे. आलिकांतेचा विमानतळ साठेक किलोमीटरवर, आणि किनाऱ्यालगतचा महामार्ग २०२० पासून या भागात टोलमुक्त आहे. गाडी घेणार नसाल तर आलिकांते शहरातून १ नंबरच्या ट्रामने बेनिदॉर्म, तिथे ९ नंबरची गाडी. स्टेशन खाली आहे, पुढे टॅक्सी करा, आणि तिला घराच्या जास्तीत जास्त जवळ न्यायला सांगा. रविवारी पोहोचत असाल तर दूध-ब्रेड वाटेत घ्या, मोठी दुकानं त्या दिवशी बहुतेक बंद असतात. १ नोव्हेंबरही सुट्टी. मसूर आणि काबुली चणे इथे कुठेही मिळतात, शिजवलेले काचेच्या बरणीतही. तूरडाळ मात्र घरूनच आणा.

मालकाला आज एक मेसेज पाठवा. चार प्रश्न: गाडी थांबते तिथून दारापर्यंत पायऱ्या किती, तळमजल्यावर खरा पलंग आहे का, त्याच मजल्यावर सपाट शॉवर आहे का, वीज किती किलोवॅटची. आणि जिन्याचा एक फोटो मागा, खालून वर घेतलेला, त्यावर कोणीतरी माणूस उभा असलेला. माणूस असला की पायरीची उंची आपोआप कळते. ज्याचं घर खरं आहे तो पाच मिनिटांत काढून पाठवतो. फोटो आला की आधी आईंना दाखवा, तुमच्या नजरेने ठरवू नका.